न झालेल्या सामन्याचा अहवाल

फुटबॉलचा अंतिम सामना धाकट्याच्या संघाने दोन-एक असा जिंकला. चौऱ्याऐंशीव्या मिनिटाचा विजयी गोल धाकट्याचा, आणि पंच मी. आता हे विसरा, कारण असा सामना झालेला नाही. म्हणजे पावसाने रद्द झाला किंवा समोरचे आलेच नाहीत, तसं नव्हे. बावीस जण पळाले, मी पळालो, एका बॅकचा दात हलला आणि तो दात अजून हलतोच आहे. पण सामना झालेला नाही. तसं माझ्याकडे लेखी आहे, खाली शिक्का आहे, आणि शिक्का असलेल्या कागदाशी मी वाद घालत नाही. रविवारी सकाळी अकरा ते एक या वेळात माझ्याशी कुणी वाद घातलेला मला खपत नाही, तर मीही थोडी लाज बाळगायला हवी. तर, त्या न झालेल्या सामन्यानंतर दुपारी अडीच वाजता मी आमच्या बाथरूममध्ये वॉशिंग मशीनसमोर उकिडवा बसलो होतो आणि काळ्या शर्टाचे खिसे रिकामे करत होतो. खिसे रिकामे करणं हा आमच्या घरातला कडक नियम आहे. मागच्या वर्षी एकदा शिट्टी खिशात राहिली, मशीन पिळायला लागलं तशी आतल्या आत वाजायला लागली, आणि पॅसेजमध्ये धावत असलेली आमची मुलगी जागच्या जागी थांबली. चार वर्षांची पोर, पण नियम माहीत. मशीन बंद होईपर्यंत हलली नाही. मला त्या दिवशी तिचा इतका अभिमान वाटला की बायको काय ओरडत होती ते ऐकूच आलं नाही.

खिशातून निघालं ते नेहमीचंच. दोन कार्डं, पेन्सिलीचा तुकडा, नाणेफेकीचं नाणं आणि तळहाताएवढी वही. वही मी सहज उघडली. सामना चांगला झाला की मी ती पुन्हा वाचतो, लोक लग्नाचे फोटो बघतात तशी. डाव्या बाजूला ज्यांना कार्ड दाखवलं त्यांच्या पाठीवरचा नंबर, उजव्या बाजूला मिनिट. चार, नववं मिनिट. मग दुसरी ओळ. मग सात, पंचावन्न. अकरा, अठ्ठ्याहत्तर. मी दुसऱ्या ओळीवर परत आलो. एकविसावं मिनिट बरोबर लिहिलं होतं. पण त्याच्या डावीकडे नंबर नव्हता. तिथे माझ्याच अक्षरात, जरा तिरपं, लिहिलं होतं: धाकटा.

धाकटा म्हणजे माझ्या बायकोचा भाऊ. घरात त्याला सगळे धाकटा म्हणतात, तो सहा फूट आहे तरी. त्याच्या पाठीवरचा नंबर अकरा. म्हणजे एकविसाव्या मिनिटाला त्याला पिवळं, अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला पुन्हा पिवळं. दोन पिवळी म्हणजे एक लाल आणि माणूस बाहेर, हे पंचगिरीच्या पहिल्या तासाला शिकवतात. आणि चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला, बाहेर बसून पाण्याची बाटली तोंडाला लावायच्या वेळी, त्याने डाव्या पायाने गोल मारला होता. काय सुंदर मारला होता. मी शिट्टी फुंकून मधल्या वर्तुळाकडे हात केला होता आणि माझ्या मनात, नियमाविरुद्ध, एक लहानसा आनंद उडी मारून गेला होता. मशीनच्या गोल काचेत माझं तोंड दिसत होतं. कडेला जरा ताणलेलं, मधे सपाट. असं वाटलं की जिना संपला म्हणून पाय टाकावा आणि खाली अजून एक पायरी निघावी. बाहेरून बायको म्हणाली, "आई चारला जेवायला बोलावते आहे, कप जिंकल्याचं जेवण. आटप." मी म्हटलं, "हो." आणि शर्ट मशीनमध्ये टाकला, वही हातात राहिली.

पंचाने दुसरं कार्ड दाखवताना वहीत बघायचं असतं, हा नंबर आधी आहे का. मी बघितलं होतं. मला नीट आठवतं. ओल्या बोटाने पान धरलं होतं, चार होतं, सात होतं, अकरा नव्हतं. मधली ओळ मला दिसलीच नसेल असं नाही. दिसली असणार. पण ‘धाकटा’ हा शब्द मी रोज बघतो. तो फ्रिजवरच्या कागदावर असतो, बायकोच्या फोनवर असतो, आमच्या कपाटातल्या त्या स्वेटरवर असतो जो तो परत मागतो आणि आम्ही देत नाही. खुर्ची दिसते तसा तो दिसतो, म्हणजे दिसत नाही. मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत भिंगं घासतो. फ्रेमच्या मापाने काच कापायची, कडा गुळगुळीत करायच्या, डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून मध्यबिंदू बरोबर तिथे आणायचा. अर्धा मिलिमीटर चुकलं तर गिऱ्हाइकाचं डोकं दुखतं. माझ्या हाताने आजवर कुणाचं डोकं दुखलं नाही. मैदानावर मात्र दर रविवारी निदान चाळीस जण मला ओरडून सांगतात, "ए रेफरी, चष्मा घे!" पहिल्या वर्षी मला वाईट वाटायचं. नंतर दुकानाचे मालक म्हणाले, "अरे, मग पत्ता सांग ना त्यांना. जिथे तुला शिव्या पडतात तिथे आपलं गिऱ्हाईक आहे." तेव्हापासून मी दुकानाची चार कार्डं मोज्यात ठेवतो. एका सेंटर फॉरवर्डला खरोखरच मायनस दोन निघाला. तो आता ओरडत नाही, कारण त्याला आता दिसतं की मी बरोबर असतो.

मी बरोबर असतो. हे वाक्य मला फार आवडतं, आणि ते बोलायला मला दुसरीकडे कुठे जागा नाही. मी खेळाडू म्हणून भयंकर होतो. बॅक होतो आणि बहुतेक वेळ स्वतःच्याच गोलकीपरच्या वाटेत असायचो. एकदा पंच आला नाही आणि दोन्ही कप्तानांनी मिळून ठरवलं की मैदानावरचा सगळ्यात निरुपयोगी माणूस मी आहे, तर शिट्टी मला द्यावी. मी फुंकली. बावीस माणसं थांबली. एक जण तर पाय हवेत असताना थांबला. माझ्या तोंडातून आजवर पुष्कळ काही निघालं होतं, त्याने कधी कुणी थांबलं नव्हतं. त्या क्षणी मानेच्या मागे, केस संपतात तिथे, एक गार झुळूक आली आणि ती गेली सहा वर्षं दर रविवारी येते. मी परीक्षा दिल्या, तिसऱ्या श्रेणीचा बिल्ला मिळवला. यंदा दुसऱ्या श्रेणीची यादी लागायची होती आणि यादीत मी वरून चौथा होतो. एका सामन्यात मी अकरा किलोमीटर धावतो आणि चेंडूला एकदाही हात लावत नाही. असं निःस्वार्थ धावणं मी घरातही धावतो, पण तिथे कुणी मोजत नाही.

बायको मोजते, खरं म्हणजे. तिचं ड्रायव्हिंग स्कूल आहे, आणि शिकवण्याच्या गाडीत तिच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो, त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट आपण डावीकडे बसून थांबवू शकतो असा तिचा विश्वास आहे. रविवार तिचाही गर्दीचा दिवस. फ्रिजवर कागद लावलेला असतो: तिच्या शिकवण्या, माझे सामने, मुलीचं पोहणं, आणि मधे जिथे कुणीच नाही तिथे ‘आई’ किंवा ‘धाकटा’. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आमचं कडाक्याचं वाजलं. मुलीचं पहिलं पाऊल हाफ टाइमला पडलं आणि मी फोन फुल टाइमला उचलला. तेव्हा माझं उत्तर तयार होतं की सामना चालू असताना पंच फोन घेत नाही. बायको म्हणाली होती, "हाफ टाइमला सामना चालू नसतो." नियम तिला माझ्यापेक्षा चांगला माहीत होता, हे मला जास्त लागलं. त्यानंतर आमचा करार झाला. मैदान दाराबाहेर राहील. चिखलाचे बूट जिन्यात. जेवताना कुणाचा ऑफसाइड नाही. घरात निर्णय द्यायचे नाहीत, चर्चा करायची. आणि उलटं, मी स्वतःशी केलेलं: घर रेषेच्या आत आणायचं नाही. तिथे मी कुणाचा नवरा नाही, बाप नाही, जावई नाही. मी काळा शर्ट आहे. हे दोन कप्पे मी असे वेगळे ठेवले होते की मला कधी कधी वाटायचं, मी वारलो तर दोन वेगवेगळे लोक रडतील आणि एकमेकांना ओळखणार नाहीत. आणि आता वहीतल्या दुसऱ्या ओळीत एक कप्पा दुसऱ्यात सांडला होता.

तसं मी स्पर्धेच्या समितीला आधीच कळवलं होतं. अंतिम सामन्याच्या पंचाचा घोटा शुक्रवारी मुरगळला आणि सचिवांचा मला फोन आला. मी म्हटलं, "सर, त्यात माझा नातेवाईक खेळतो. नियमाप्रमाणे चालणार नाही." ते म्हणाले, "नातं किती जवळचं?" "बायकोचा भाऊ." "म्हणजे तसं लांबचंच," ते म्हणाले. "दुसरं कुणी नाही. तुम्ही करा. तुमच्याबद्दल कुणाची तक्रार नाही." त्या शेवटच्या वाक्याने मी विरघळलो. माणूस असाच विरघळतो, कुणी चांगलं बोललं की. शनिवारी मी धाकट्याला जिन्यात गाठून सांगितलं, "उद्या मी तुझा कुणी नाही." तो म्हणाला, "बरं दाजी." "दाजी नाही, सर." "बरं सर दाजी."

आणि एकविसाव्या मिनिटाला काय झालं, तर कॉर्नरवर चार जणांचा गुंता झाला, चेंडू कुणाच्या तरी हाताला लागला, मी फाउल नाही दिला, आणि त्या गुंत्यातून धाकटा दोन्ही हात पसरून माझ्यावर धावून आला. "अहो दाजी! हात लागला यार! दिसत नाही का?" मैदानावर, भर सामन्यात, दाजी. मला आठवतं ते एवढंच की आवाज माझ्या कानात बैठकीच्या खोलीतला झाला. तिथे उशीचा वास येतो, टीव्हीचा रिमोट सापडत नाही, आणि तो याच आवाजात म्हणतो की अहो दाजी, तुम्ही त्यावरच बसलाय. मी पिवळं काढलं. त्या गुंत्यात त्याच्या शेजारी त्यांचाच स्टॉपर, म्हणजे मधला बॅक, होता, मागे आणखी दोघे, कार्ड चौघांच्या डोक्यावर वर गेलं. मग पाठ वळवून मी वही काढली आणि लिहिलं. कानात दाजी ऐकू येत होतं आणि हाताने धाकटा लिहिलं. माझ्यात दोन माणसं राहतात आणि त्या क्षणी पेन्सिल चुकीच्या माणसाच्या हातात होती.

कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. गाडीत बसून सासूबाईंकडे जाताना मी हे शंभर वेळा तपासलं. दोन्ही लाईन्समन क्लबचे हौशी, एक जण शेवटची पंधरा मिनिटं आपल्या चपलेचा अंगठा शोधत होता. समोरच्या संघाने तक्रार केली नव्हती, त्यांना पहिलं पिवळं स्टॉपरचं वाटलं असणार. धाकट्यालाही तसंच वाटलं असणार, नाहीतर दुसऱ्याच्या वेळी तो स्वतःहूनच बाहेर निघाला असता. तो खोटं खेळणारा नाही. अहवाल सोमवारी सकाळी दहाला द्यायचा होता. मी ‘धाकटा’च्या जागी दुसरा कुठलाही नंबर लिहिला असता तर दोन-एक हे कायमचं दोन-एक झालं असतं, धाकट्याला त्याच्या आयुष्यातला एकमेव कप, मला दुसरी श्रेणी. आणि खरं लिहिलं, तर कप जाणार, यादीतून मी जाणार, आणि आमच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर एक खुर्ची अशी वाकडी होणार की ती पुन्हा सरळ व्हायला वर्षं लागतील. मला एकदा वाटलं, पान फाडून गिळून टाकावं. मी खरंच त्याची चव कशी असेल याचा विचार केला. घाम आणि गवत, बहुधा. मुलगी मागच्या सीटवर विचारत होती, "बाबा, मामा जिंकला म्हणजे तू हरलास का?" मी म्हटलं, "पंच हरत नाही, बाळा." बायकोने डावीकडे बसून नसलेला ब्रेक दाबला. गाडी मी चालवत होतो आणि सिग्नल हिरवा होता.

सासूबाईंकडे टेबलाच्या मधोमध कप ठेवला होता आणि धाकट्याने त्यात सरबत ओतून ठेवलं होतं. तो अजून जर्सीतच होता. "या या, सर दाजी!" म्हणून त्याने मला मिठी मारली, तर त्याच्या पाठीवरचा अकरा माझ्या तळव्याखाली आला, कापडाच्या वर जरा उठलेला, रबरी. माझ्या हाताने तो चाचपला. दोन उभ्या रेघा. लिहायला किती सोपं. आम्ही बसलो. भाजलेले बटाटे होते, मटार होते, काकडी होती, आणि सासूबाईंनी नेहमीप्रमाणे माझ्या ताटात सगळ्यात शेवटी वाढलं. त्या माझ्याशी वाईट वागत नाहीत. त्या माझ्याशी पुरावा नसलेल्या माणसाशी वागावं तशा वागतात. एकतीस वर्षं त्या न्यायालयात लघुलेखक होत्या. साक्षीदार बोलायचा आणि त्या पेन्सिलीने त्या आकड्या-वेलांट्यांमध्ये शब्दन् शब्द उतरवून घ्यायच्या. निवृत्त झाल्या तरी हात थांबला नाही. टीव्हीवरच्या बातम्या लिहितात, डॉक्टर काय म्हणाला ते लिहितात, आमच्या लग्नात माझ्या काकांनी केलेलं भाषण त्यांच्याकडे लेखी आहे आणि काका ते नाकारू शकत नाहीत. माझी पंचगिरी त्यांना कधीच पटली नव्हती. "रविवारी नवरा घरात नसणं म्हणजे काय ते मला माहीत आहे," एवढंच त्या म्हणत, आणि पुढे काही लिहून ठेवायला सोडत नसत. आज पहिल्यांदा त्या मैदानावर आल्या होत्या, मुलाचा अंतिम सामना म्हणून, आणि रेषेला लागून खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"एक विचारू का?" सासूबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा पुसून घातला, मीच घासलेल्या काचा, आणि पदराआडून वही काढली. "मला तुमच्या खेळातलं कळत नाही. म्हणून विचारते. पिवळे दोन झाले की काय होतं?"

"बाहेर, आई," धाकटा बटाटा चावत म्हणाला. "सोपं आहे. दोन पिवळे म्हणजे लाल."

"हं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी वाचलं. त्यांचा वाचायचा आवाज वेगळा आहे, त्यात कुणाचीच बाजू नसते. "एकविसावं मिनिट. पंचांनी पिवळा कागद दाखवला. मुलाला. मुलगा म्हणाला, दाजी, दिसत नाही का. पंच म्हणाले, इथे मी तुझा कुणी नाही. अठ्ठ्याहत्तरावं मिनिट. मुलाने समोरच्याला मागून पाडलं. पंचांनी पिवळा कागद दाखवला. मुलाला. मुलगा काही म्हणाला नाही. पंचांनी वही बघितली. पंचांनी वही खिशात ठेवली." त्यांनी मान वर केली. "चौऱ्याऐंशीव्याला गोल. मुलाचा. मग मी लिहायचं थांबले, टाळ्या वाजवत होते. त्यामुळे पुढची नोंद नाही."

मटार कुणाच्या तरी ताटातून घरंगळून टेबलावर पडला, तो थांबेपर्यंत आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो. "पहिलं स्टॉपरला होतं," धाकटा म्हणाला. "आई, तू लांब होतीस. चौघं होतो तिथे."

"मी बाकीच्यांकडे बघत नव्हते," सासूबाई म्हणाल्या. "त्यांच्या आया बघत असतील."

मला म्हणायचं आहे की मी सांगणारच होतो. गाडीतून उतरतानाच माझं ठरलं होतं, असं मी नंतर दुकानात मालकांना सांगितलं, आणि सांगताना माझा आवाज फार चांगला लागला. पण माझ्या डाव्या हातात टेबलाखाली वही होती आणि अंगठा त्या पानाच्या कोपऱ्यावर होता, आणि तो कोपरा थोडा फाटलेला होता. तो मी फाडत होतो की धरून ठेवला होता, हे मला ठाऊक नाही. मी वही टेबलावर ठेवली, कपाच्या शेजारी, दुसरी ओळ वर. धाकट्याने वाचलं. "धाकटा," तो म्हणाला. मग ओळीवर बोट ठेवून, "नंबर लिहायचा ना दाजी." मग एकदम खुर्ची मागे सरकवून, "बाहेर काढायचं ना मग मला! तेव्हाच काढायचं! मी गोल तरी मारला नसता! आयुष्यात एक गोल मारला डाव्या पायाने आणि तो पण..." तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. पाठीवरचा अकरा आमच्याकडे, प्रत्येक श्वासाला हलत होता. बायको त्याच्या पाठीकडे बघत होती, मग माझ्याकडे. तिचा भाऊ, तिची आई, तिचा नवरा, आणि टेबलाखाली तिचा पाय. मी त्या पायाची वाट बघत होतो, की आता ती दाबणार, थांबवणार.

"लिही," बायको म्हणाली. "आत्ता, इथेच. घरी नेऊ नकोस. घरी नेलंस तर ते आपलं होईल."

अहवालाचा कोरा फॉर्म माझ्या बॅगेत असतोच. सासूबाईंनी ताटं बाजूला केली, टेबल पुसलं, आणि माझ्या समोर बसल्या, माझ्यापेक्षा ताठ. मी लिहिलं: ‘माझ्याकडून बहुधा नोंदीत चूक झाली असावी.’ त्यांनी उलट्या बाजूने वाचलं. "‘बहुधा’ काढा," त्या म्हणाल्या. "‘असावी’ पण काढा. साक्षीत असावी नसतं." मी काढलं. मी लिहिलं: ‘गर्दी आणि गोंधळामुळे.’ त्या म्हणाल्या, "गर्दीने लिहिलं का ते?" मी तेही काढलं. शेवटी अहवाल चार ओळींचा उरला. ‘एकविसाव्या मिनिटाला अकरा नंबरच्या खेळाडूस ताकीद दिली. नोंद करताना नंबराऐवजी त्याचे घरगुती नाव लिहिले. त्यामुळे अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला दुसऱ्या ताकिदीनंतर त्यास बाहेर काढले नाही. चूक सर्वस्वी माझी आहे.’ असा अहवाल मी सहा वर्षांत लिहिला नव्हता. एकही शब्द वाकडा नाही, कडा गुळगुळीत, मध्यबिंदू बरोबर जिथे हवा तिथे. खाली सही करताना मानेच्या मागे, केस संपतात तिथे, ती गार झुळूक आली. चिखल नव्हता, शिट्टी नव्हती, समोर मटार होते, तरी आली. सासूबाईंनी त्यांच्या नोंदी त्याच संध्याकाळी साध्या लिपीत उतरवून टाइप केल्या, खाली ‘वाचून बरोबर आढळले’ लिहून सही केली आणि मला जोडायला दिल्या. देताना म्हणाल्या, "आमच्या कोर्टात एकतीस वर्षांत दोनच जणांनी स्वतःविरुद्ध अशी साक्ष दिली. एक वेडा होता." दुसऱ्याबद्दल त्या बोलल्या नाहीत. पण मला त्या दिवशी दुसऱ्यांदा बटाटे वाढले, न विचारता, आणि आमच्या घराण्यात यापुढे काही जाऊ शकत नाही.

समितीचं पत्र बारा दिवसांनी आलं. सदर सामना झालाच नाही असे समजण्यात यावे. सामना दुसऱ्या पंचाकरवी पुन्हा खेळवण्यात येईल, अकरा नंबरच्या खेळाडूस त्यात खेळता येणार नाही. मला सहा आठवडे शिट्टीबंदी, आणि दुसऱ्या श्रेणीच्या यादीतून नाव वगळलेलं. पत्र वाचून झाल्यावर मी दुकानातल्या मागच्या खोलीत एक काच इतकी सुरेख घासली की मालक म्हणाले, "काय झालंय?" मी सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे सहा आठवडे गिऱ्हाईक येणार नाही." मला खूप दिवसांनी हसू आलं. नंतरचे रविवार मी घरी होतो. फ्रिजवरच्या कागदावर माझ्या रकान्यात बायकोने ‘उपलब्ध’ असं लिहिलं आणि त्याखाली दोनदा रेघ मारली. मी मुलीला पोहायला नेलं. तिथल्या शिक्षिकेने शिट्टी फुंकली आणि आम्ही दोघंही थांबलो.

पुन्हा खेळवलेला सामना मी आयुष्यात पहिल्यांदा लोकांत बसून बघितला, एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला सासूबाई त्यांच्या पेन्सिलीसकट, आणि पुढे धाकटा, साध्या कपड्यांत, कोपर गुडघ्यावर. तो सामना झाला. त्याला तसा शिक्का आहे. धाकट्याचा संघ एक-शून्य हरला. सगळं संपल्यावर धाकटा उठला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "ऑफसाइड होता तो त्यांचा गोल." मी म्हटलं, "नव्हता." तो म्हणाला, "माहीत आहे." मग त्याने माझ्या हातातली पाण्याची बाटली घेऊन अर्धी संपवली आणि परत दिली. घरात तो मला अजूनही दाजी म्हणत नाही. सर म्हणतो. रागाने सुरुवात झाली होती, पण गेल्या आठवड्यात त्याच्या नव्या घराचं कुलूप बिघडलं तेव्हा त्याने फोनवर कुणाला तरी सांगितलं, "थांबा, मी आमच्या सरांना विचारतो," आणि त्यात राग कुठेच सापडला नाही. मी शोधला.

काल मी समितीच्या पत्राला उत्तर लिहिलं. मसुदा सासूबाईंना दाखवला नाही, कारण विषय त्यांचा होता. बायकोला दाखवला. ती म्हणाली, "हे ते कधीही मान्य करणार नाहीत." मी म्हटलं, माहीत आहे. ती म्हणाली, "मग नीट टाइप कर, खाडाखोड नको." ते उत्तर असं.

‘मा. सचिव यांस. महोदय, आपले पत्र मिळाले. शिक्षा मान्य आहे. सामना झालेला नाही हेही मान्य आहे. तथापि, न झालेल्या सामन्याच्या मूळ नोंदपत्रकात मैदानाबाहेरून नोंद ठेवणाऱ्या चौथ्या पंचाचा रकाना कोरा असल्याचे निदर्शनास आले आहे. तरी नम्र विनंती की, सदर रकान्यात माझ्या सासूबाई, वय वर्षे एकोणसत्तर, सेवानिवृत्त लघुलेखक, यांची नियुक्ती पूर्वलक्षी प्रभावाने करण्यात यावी व त्यांना नियमानुसार बिल्ला देण्यात यावा. पंचांसाठी असलेली वयोमर्यादा, धावण्याची चाचणी व नियमांची लेखी परीक्षा या अटी त्यांच्याबाबत शिथिल करण्यात याव्यात. नातेवाईकांबाबतची अट मात्र कृपया शिथिल करू नये. त्यांनी स्वतःच्या मुलासाठीही ती शिथिल केलेली नाही.’